चांदा प्रांतांतील कुरमवार व गोल्लेवार : पशुपालांच्या मूलस्थानाचा प्रश्न

जुन्या चांदा जिल्ह्यांत, म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ रोजीं विभागणी होऊन झालेल्या आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, जनावरें राखून पोट भरणाऱ्या ज्या जाति आढळतात त्यांत चार नांवें मुख्य आहेत. मेंढ्या राखणारे कुरमवार, ज्यांस बोलण्यांत कुरमार म्हणतात. गोल्लेवार ऊर्फ गोलकर. गांवचीं गुरें वळणारे गोवारी. आणि झाडे धनगर. पैकीं कुरमवार व गोल्लेवार हे मूळचे कोठले, या प्रश्नाचें उत्तर आजवर नांवांच्या साम्यावरून व दंतकथांवरून दिलें जात असे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांत एका नव्या साधनाची भर पडली आहे. मनुष्याच्या व जनावरांच्या शरीरांतील आनुवंशिक द्रव्य वाचून त्यावरून पूर्वजांचीं स्थलांतरें ठरविण्याची ही विद्या होय. हें साधन हातीं येतांच जुनीं साधनें निकालांत निघालीं असें कित्येकांस वाटूं लागलें आहे, आणि 'डी. एन्. ए.नें सिद्ध झालें' हें वाक्य हल्लीं ताम्रपटासारखें मिरविलें जातें. तेव्हां ज्या कसोट्या आपण सनदेला व बखरीला लावतों त्याच या नव्या साधनाला लावून, चांदा प्रांताच्या पशुपालांविषयीं त्यांतून काय निष्पन्न होतें हें पाहणें अवश्य आहे.

रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातींवरील चार खंडांच्या ग्रंथांत (१९१६) कुरमवारांची हकीकत थोडक्यांत आली आहे. ही जात मध्यप्रांतांत केवळ चांदा जिल्ह्यांत असून १९११ सालीं तिची संख्या सुमारें ४,००० होती, आणि मद्रासेकडील कुरुंब व तेलंगणांतील कुरुम यांच्याशीं ती एकच होय, असें तेथें म्हटलें आहे. एवढें ठीक. परंतु लगोलग, हे लोक प्राचीन पल्लवांचे वंशज समजले जातात, असेंहि एक वाक्य येऊन पडलें आहे, आणि तेंच पुढें अनेकांनीं उचललें. या कल्पनेचा उगम तोंडैमंडलांतील कुरुंबरांच्या किल्ल्यांविषयीं ज्या कथा कर्नल मेकेंझीच्या संग्रहांत सांपडतात त्यांत आहे. ज्या भूमींत कुरुंबरांचे किल्ले होते त्याच भूमींत पल्लवांचें राज्य होतें, म्हणून दोघे एक, असा हा तर्क आहे. पल्लवांच्या ताम्रपटांत ते स्वतःस भारद्वाज गोत्राचे म्हणवितात. मेंढ्यांचा त्यांत गंधहि नाहीं. एकाच मुलखांत एकामागून एक राहणारे दोन समूह एका वंशाचे ठरवावयाचे तर चांद्याचे गोंड राजे आणि नागपूरकर भोसले यांसहि एकत्र बसवावें लागेल. पल्लवांची ही गोष्ट आतां सोडून द्यावी हें बरें.

नांवांपासून जें खरोखर मिळतें तें वेगळें आहे. 'कुरमवार' व 'गोल्लेवार' यांतील 'वार' हा तेलुगु 'वारु' हा आदरार्थी बहुवचनी शब्द होय. चांद्याकडील कोमट्यांच्या व इतरांच्या आडनांवांतून तो पदोपदीं भेटतो. कन्नडांत मेंढीस 'कुरि' व तेलुगुंत 'गोर्रे' म्हणतात, हे दोन्ही शब्द एकाच द्राविडी मूळाचे, आणि 'कुरुम' व 'कुरुब' या नांवांचा संबंध पुष्कळ पंडित 'कुरि'शीं लावतात. तसें असेल तर 'कुरमवार' या शब्दाची शेपटी तेलुगु आणि डोकें कन्नडाकडे वळलेलें आहे. 'गोल्ल' हें संस्कृत 'गोपाल' शब्दाचेंच झिजलेलें रूप मानितात. पण येथेंहि एक गंमत आहे. ग्रियर्सनच्या भाषापाहणींत (खंड ४, १९०६) नागपूर, शिवनी, बालाघाट या बाजूच्या गोलर लोकांची 'गोलरी' बोली नोंदलेली आहे, ती तेलुगूची नव्हे, कन्नडाची पोटभाषा ठरते. नांव आंध्रांतलें, बोली कर्नाटकाची, आणि वस्ती सातपुड्याच्या पायथ्याशीं! मेंढपाळ जेथें दोन पावसाळे काढतो तेथली भाषा उचलतो व जुनी घरांत ठेवतो. म्हणून पशुपालांच्या बाबतींत भाषा ही मुक्कामांची यादी समजावी, जन्मपत्रिका समजूं नये.

आचारांवरून हाच पट अधिक स्पष्ट दिसतो. लग्नांत मनगटास बांधावयाचें कंकण लोकरीचें कीं कापसाचें, यावरून कर्नाटकांतील कुरुबांत 'उण्णि कंकण' व 'हत्ति कंकण' असे दोन भेद पडतात, आणि तेलंगणांतील कुरुमांतहि लोकर-कापसाचा हाच भेद आहे. कुरुमांचा बीरप्पा, कानडी मुलखांतील बीरेश्वर आणि आपल्या धनगरांचा बिरोबा हीं एकाच देवाचीं नांवें होत. तेलंगणांतील कोमुरवेल्लीचा मल्लन्ना व जेजुरीचा खंडोबा यांचें नातें तसेंच आहे. जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनीं १९७६ सालीं बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील ग्रंथांत हें सर्व क्षेत्र पायाखालीं घालून दाखविलें, आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांनीं १९८४ सालीं विठ्ठलापर्यंत तो धागा नेला. तेव्हां प्राणहितेच्या उत्तरेचा कुरमवार, दक्षिणेचा कुरुम, तुंगभद्रेकडील कुरुब व माणदेशांतील धनगर हे एकाच विस्तीर्ण पशुपाल-संस्कृतीचे घटक आहेत, यांत शंका नाहीं. प्रश्न असा कीं, संस्कृति एक म्हणून कुलहि एक काय?

येथें नव्या विद्येची गरज लागते. पोथ्या जमविणाऱ्यांस ती समजण्यास मुळींच अवघड नाहीं. एका पोथीवरून दुसरी उतरतांना लेखकाच्या हातून चूक होते. ती चूक पुढच्या सर्व नकलांत जाते. म्हणून ज्या पोथ्यांत तीच चूक आढळते त्या एका मातृकेच्या समजावयाच्या. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं भांडारकर संस्थेंत महाभारताच्या आदिपर्वाची (१९३३) चिकित्सक आवृत्ति याच न्यायानें सिद्ध केली. शरीरांतील आनुवंशिक लेखहि दर पिढीस उतरला जातो, त्यांतहि लेखनप्रमाद होतात, आणि समान प्रमादांवरून शाखा लावतां येतात. त्याचा एक भाग गोत्राप्रमाणें पित्याकडून पुत्राकडेच जातो. (गोत्र शब्दाचा ऋग्वेदांतील अर्थ गाईंचा गोठा असा आहे, हें या विषयांत सहज आठवतें.) दुसरा लहानसा भाग मातेकडून सर्व अपत्यांस मिळतो, पण पुढें केवळ कन्येच्या द्वारें चालतो, त्याची नोंद आपल्या कोणत्याहि वंशावळींत नाहीं. उरलेला सर्व भाग मात्र दर पिढीस दोन पोथ्या एकत्र करून तिसरी तयार करावी तसा मिसळत जातो. सुखटणकरांस ज्याचा सर्वांत अधिक त्रास झाला तो संकीर्ण पोथ्यांचा प्रकार हाच. ज्यास एक पितृशाखा सांपडली कीं सर्व कुल सांपडलें असें वाटतें, त्यानें एक समान पाठ पाहून अख्खी पोथी काश्मिरी ठरविणाऱ्या संपादकाचें स्मरण करावें.

आतां या विद्येचे निष्कर्ष पाहूं. २००९ सालीं हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे लालजी सिंग व थंगराज आणि अमेरिकेंतील डेव्हिड राइक यांनीं २५ समाजांतील १३२ व्यक्तींच्या तपासणीवरून असें दाखविलें कीं, भारतांतील बहुतेक सर्व लोक दोन प्राचीन प्रवाहांच्या मिश्रणाचे आहेत. प्रमाण मात्र जागोजाग निराळें. २०१३ सालच्या पुढील लेखांत हें मिश्रण सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीं घडलें व त्यानंतर जातींतल्या जातींत विवाहाची रूढि घट्ट झाली, असा काळ बसविला गेला. २०१९ सालीं ५२३ प्राचीन व्यक्तींच्या अवशेषांवर आधारलेला मोठा लेख प्रसिद्ध झाला. त्यांत मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतील पशुपालांचा अंश इ. स. पूर्वीं २००० ते १५०० च्या दरम्यान भारतांत आला असें ठरलें. त्याच वर्षीं डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे व सहकारी यांनीं राखीगढी येथील एका स्त्रीच्या सांगाड्यांतून जो लेख मिळविला त्यांत हा अंश नव्हता. तपासलेले सांगाडे साठाच्या वर होते, वाचतां आला तो हा एक. आपल्या उष्ण हवेंत असले लेख कसे नासतात हें त्यावरून ध्यानांत यावें.

या निष्कर्षांतील एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. गवताळ प्रदेशांतील त्या पशुपालांचा अंश आज भारतांत ज्यांच्यांत तुलनेनें अधिक सांपडतो ते मेंढपाळ नव्हेत. परंपरेनें पौरोहित्य करणारे समाज होत. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीं घोडे व गुरें हांकीत आलेल्यांचा वारसा वेद म्हणणाऱ्यांच्या घरांत गेला, आणि जो आज काठी व घोंगडी घेऊन चामोर्शीच्या धानाच्या बांध्यांत मेंढ्या बसवितो त्याच्यांत तो अधिक असलाच पाहिजे असें कांहीं नाहीं. धंदा रक्तांतून येत नाहीं. 'पशुपाल म्हणून आर्य', 'आभीर म्हणून बाहेरचे' आणि उलट 'मेंढपाळ म्हणून मूळचे' या तिन्ही घोषणांचा पाया यामुळें एकदमच ढासळतो. आभीरांचें नांव पतंजलीच्या महाभाष्यांत आहे, नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाचा लेख आहे. पण त्या नांवानें पुढें ओळखल्या गेलेल्या शेंकडों समूहांस एका बापाचे ठरविण्यास तेवढें पुरत नाहीं.

तेलुगु गोल्लांविषयीं प्रत्यक्ष पुरावा आहे. २००१ सालीं बामशाद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विशाखापट्टण जिल्ह्यांतील आठ जातींच्या २६५ पुरुषांची तपासणी केली, त्यांत यादव म्हणजे गोल्ल होते. त्यांस कापू शेतकऱ्यांबरोबर मधल्या पायरीवर बसविण्यांत आलें, आणि युरोपियनांपासूनचें अंतर जातीच्या उतरंडीप्रमाणें कमीअधिक भरलें, असा निष्कर्ष निघाला. आमच्या मतें यांत एक दोष आहे. पायऱ्या संशोधकांनीं अगोदरच बांधल्या होत्या. मग मोजमाप त्या पायऱ्यांवर बसलें याचें आश्चर्य कसलें? तरीहि एक गोष्ट त्यांतून निघते. गोल्लांची मांडणी कापूंच्या शेजारीं झाली. गुरें राखणाऱ्यांचा म्हणून निराळा वंश त्यांत दिसला नाहीं.

धनगरांविषयींचें काम अधिक जुनें व आपल्या दृष्टीनें अधिक मोलाचें आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे कैलाशचंद्र मल्होत्रा यांनीं रक्तगट, शरीरमापें वगैरे साधनांनीं महाराष्ट्रांतील धनगरांचा दीर्घकाळ अभ्यास केला. हटकर, आहीर, खुटेकर, डांगे, सनगर, झेंडे इत्यादि विसाहून अधिक अंतर्विवाही गट एका 'धनगर' नांवाखालीं आहेत, ती एक जात नसून जातींचा समूह आहे, हें त्यांनीं मांडलें. माधव गाडगीळ यांच्याबरोबर १९८२ सालीं त्यांनीं सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी राखणाऱ्या गवळी धनगरांविषयीं लिहिलें, तेंहि वाचण्यासारखें आहे. मल्होत्रांच्या काळीं आनुवंशिक लेख अक्षरशः वाचण्याची सोय नव्हती. पण प्रश्न कसा विचारावा हें त्यांस उत्तम कळत होतें, आणि संशोधनांत तें अर्धें काम असतें.

दुधाचा पुरावाहि अलीकडे पुढें आणला जातो. लहानपण संपल्यावर दुधांतील साखर पचविण्याची शक्ति बहुतेक मनुष्यांत नाहींशी होते. ज्यांच्यांत ती टिकते त्यांच्या लेखांत एका ठराविक जागीं एका अक्षराचा फरक असतो. २,२८४ भारतीय नमुन्यांच्या तपासणीवरून (२०१२) असें आढळलें कीं भारतांतील हा फरक व युरोपांतील फरक एकाच मूळाचा आहे, आणि वायव्येकडून आग्नेयेकडे तो विरळ होत जातो. पुढील संशोधनाप्रमाणें बहुतेक समाजांत तो वर सांगितलेल्या गवताळ प्रदेशाच्या अंशाबरोबरच आला. निलगिरीचे तोडा व पाकिस्तानांतील गुजर या दोन पशुपाल समाजांत मात्र त्याचें प्रमाण फारच वाढलेलें आहे. यावरून कोणी म्हणेल कीं आग्नेयेकडील मेंढपाळांत हा फरक थोडा असल्यास त्यांचें पशुपालन अलीकडचें ठरेल. तें बरोबर नव्हे. मेंढपाळ दुधावर जगत नाहीं. शेतांत मेंढ्या बसविल्याबद्दल मिळणारें धान, लोकर, घोंगडी व विकलेलीं बकरीं-मेंढरें यांवर त्याचा संसार चालतो. दूध घेतलेंच तर ताक-दह्याच्या रूपानें, ज्यांत ती साखर पुष्कळशी मोडलेली असते. असल्या समाजांत त्या अक्षराला वाढण्याचें कारणच पडत नाहीं.

जनावरांची साक्ष माणसांपेक्षां सरळ आहे. वशिंडाची गाय युरोपच्या गाईपासून स्वतंत्रपणें माणसाळविली गेली हें १९९४ सालीं आनुवंशिक पुराव्यानें ठरलें, आणि २०१० च्या अभ्यासानें तें काम याच उपखंडांत झालें हेंहि स्पष्ट केलें. दक्षिणेंत पशुपालन किती जुनें, याचा उत्खननांतील पुरावा म्हणजे शेणाच्या राखेचे प्रचंड ढीग. ऑल्चिन यांनीं उटनूर येथील ढिगाचें उत्खनन करून १९६३ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. येथें एक सूचना करणें जरूर आहे. हें उटनूर तत्कालीन महबूबनगर जिल्ह्यांतील, कृष्णेच्या बाजूचें. चांद्याच्या सीमेलगत आदिलाबादकडील उटनूर तें नव्हे. नामसाम्यामुळें चांद्याच्या दारांत पांच हजार वर्षांपूर्वींचा गोठा उभा करण्याचा मोह कोणास होऊं नये. चांदा प्रांताचें स्वतःचें जनावर पाहावयाचें तर कठाणी गाय आहे. गडचिरोलीजवळून वाहणाऱ्या नदीचें नांव तिला मिळालें असून २०२३ सालीं कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनें तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मेंढी ही मात्र या ओल्या झाडीचें जनावर नव्हे. ती येथें आली ती धानाच्या शेतीच्या मागून, कापणीनंतर मोकळ्या झालेल्या बांध्यांत.

भाषेवरून कुल ठरवूं नये याचें याच प्रांतांतलें उदाहरण गोंडांचें आहे. गोंडी ही द्राविडी भाषा. पण २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत गोंडांत मुंडा भाषा बोलणाऱ्यांशीं जुळणारा अंश मोठा निघाला. कुरमवारांचा निर्णयहि तेलुगु-कन्नडावर सोडतां येणार नाहीं. तेलंगणांतील कुरुम, चांद्याचे कुरमवार व त्यांचे आजचे मराठी-गोंडी शेजारी, या तिघांचे लेख शेजारींशेजारीं ठेवले पाहिजेत, आणि मातृशाखा पितृशाखेहून वेगळी पडते काय हें पाहिलें पाहिजे. स्त्रिया स्थानिक व पुरुष आगंतुक असा भेद दिसल्यास स्थलांतर पुरुषांच्या टोळ्यांचें. दोन्ही शाखा दक्षिणेच्या निघाल्यास कुटुंबेंच्या कुटुंबें नदी ओलांडून आलीं असें म्हणतां येईल.

काळाविषयीं आमचा तर्क जुन्या साधनांवरच आधारलेला आहे. विदर्भांत चराईवर राजाचा हक्क व त्यापासून सूट हा विषय पांचव्या शतकाइतका जुना आहे. प्रवरसेन दुसरा याच्या चम्मक ताम्रपटांत 'अपारंपरगोबलीवर्द' व 'अचारासनचर्मांगार' या सवलती वाचकांस परिचित आहेत. म्हणजे गाई-बैल, चराई व चामडें पुरविणारा वर्ग तेव्हां गांवोगांव होता. परंतु तो वर्ग म्हणजेच कुरमवार, असें म्हणतां येत नाहीं. दीड हजार वर्षें येथें राहिलेल्या जातीच्या नांवास 'वारु' इतका ताजा चिकटून राहिला नसता. तो प्रत्यय घेऊन येणारे लोक प्राणहिता-गोदावरीच्या वाटेनें, सिरोंचा-अहेरीकडून व राजुऱ्याकडून, पुष्कळ मागाहून व एकदां न येता थोडेथोडे येत गेले असावेत, आणि तळीं बांधून धानाची शेती वाढल्यावर त्यांची ये-जा स्थिरावली असावी.

हा वाद केवळ पंडितांचा राहिलेला नाहीं. गोवारींचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. अनुसूचींतील 'गोंडगोवारी' म्हणजे आपणच, या मागणीसाठीं नागपुरांत २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं निघालेल्या मोर्चांत चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. २०१८ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांच्या बाजूनें निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयानें १८ डिसेंबर २०२० रोजीं तो फिरविला. उद्यां कोणी असल्या दाव्यांत आनुवंशिक लेख पुढें केला तर त्याचें उत्तर काय द्यावयाचें? त्या लेखांत हजार-दोन हजार वर्षांचें मिश्रण वाचतां येतें. अनुसूचींतील एका शब्दाचा अर्थ त्यांत लिहिलेला नसतो.

कुरमवारांचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें चराईचा, फिरस्त्या पशुपालांच्या ऋतुमानाप्रमाणें येण्याजाण्याचाहि, हक्क मान्य केला आहे. परंतु जे अनुसूचित जमातींत नाहींत त्यांनीं १३ डिसेंबर २००५ पूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षें, त्या वनावर निर्वाह केल्याचें दाखविलें पाहिजे. म्हणजे हिशेब १९३० पर्यंत जातो. चार हजार वर्षांपूर्वींचा पूर्वज सांगणारा आनुवंशिक लेख १९३० सालीं आजोबा कोणत्या रानांत मेंढ्या चारीत होते हें सांगूं शकत नाहीं. पुराव्यांच्या यादींत गॅझेटियर, खानेसुमारी, बंदोबस्ताचे व जंगलखात्याचे कागद, जुन्या संस्थानांचे लेख, वंशावळी व वृद्धांच्या जबान्या आहेत.

हे कागद कोठें मिळावयाचे हें या त्रैमासिकाच्या वाचकांइतकें कोणास ठाऊक नाहीं. मालगुजारांच्या दप्तरांत वाजिब-उल-अर्ज व निस्तारपत्रकें असतात. त्यांत कोणत्या जातीचीं मेंढरें कोणत्या महिन्यांत गांवशिवारांत बसत, खताचें धान किती द्यावयाचें, हें पुष्कळदां लिहिलेलें असतें. कोंडवाड्याच्या नोंदवहींत सुटलेल्या जनावरांच्या धन्याचें नांव जातीसह येतें. चराईच्या पावत्या रद्दी म्हणून फेंकल्या जातात, त्या ठेवाव्या. अहेरी जमीनदारींतील कागद मराठींत व इंग्रजींत, क्वचित् तेलुगुंत, मिळण्यासारखे आहेत. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबादकडे असल्यामुळें तेथील महसुली कागद उर्दूंत आहेत, आणि उर्दू शिकस्ता वाचणारे जुने लोक त्या तालुक्यांत आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले असतील. तेव्हां आरंभ तेथूनच करावा.